वाळू, चाक आणि हवा



अमळनेर हे तत्त्वज्ञान मंदिराचे गाव, साने गुरुजींनी जेथे मुलांना शिकविले ते गाव. अशा गावच्या व्याख्यानमालेत एका माणसाने उभे राहून मोटारीच्या चाकातील हवेवर बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. परंतु माझे शिक्षण शाळेत थोडे झाले. गॅरेजात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात पुष्कळ झाले. ड्रायव्हर मंडळींत माझी उमर गेली. तेव्हा जे मला थोडेबहुत समजते तेच सांगावे, हे बरे.

अलीकडे चारही चाकांना इंजिनाची गती मिळणाऱ्या गाड्या आपल्या बाजूसही बऱ्याच दिसू लागल्या आहेत. त्यांतील थार तर आपल्या शेजारच्या नाशिकच्या कारखान्यात कामगारांच्या हातून तयार होते. गाडीला वाळवंटाचे नाव आहे, म्हणून ती वाळूत चालणारच असे घेणाऱ्यास वाटते. पण २०२३ पासून त्याच रूपाची, फक्त मागच्या दोन चाकांना गती असलेली थारही विकली जाते. बाहेरून पाहून फरक कळत नाही, आणि मालकाला तो कधीकधी नदीत उतरल्यावरच कळतो! पण ते असो. चारही चाकांची खरी गाडी घेतली तरी ती मऊ वाळूत का फसते, हा आजचा प्रश्न आहे.

बोरीचे पात्र आपण सर्वांनी पाहिले आहे. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते तेव्हा या पात्रातील वाळू आपण पायांनी तुडवतो. चालताना काय होते ते आठवा. टाच आधी टेकली की ती खाली जाते आणि पाऊल मागे सरकते. चवडा आणि टाच एकदम, सपाट टेकली की पाऊल कमी रुतते. वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. ते केवळ एकमेकांवर घासून, एकमेकांत अडकून वजन तोलतात. थोड्या जागेवर पुष्कळ वजन आले की कण बाजूला सरतात. वाळू ओली असली की कणांमधले पाण्याचे पातळ पापुद्रे त्यांना धरून ठेवतात. म्हणूनच पोरांचे किल्ले ओल्या वाळूचे होतात. मात्र पाणी फार झाले की तेच कण तरंगू लागतात आणि वरून घट्ट दिसणारी जागा आतून लापशी होते.

पूर्वी लोखंडी धावेची बैलगाडी नदी ओलांडताना गाडीवान खाली उतरून चाकाला हात घालीत असे. पुढे रबरी टायरची गाडी आली आणि तेच बैल तेवढाच माल सुखाने ओढू लागले. बैलांची शक्ती वाढली नव्हती. चाकाची टेकण्याची जागा वाढली होती.

आता थोडा हिशेब करू. माणसांसह गाडीचे वजन दोन हजार किलो धरा. एका चाकावर पाचशे किलो आले. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये साधारण तीस पौंड हवा असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो दाब. टायर जमिनीला जवळजवळ तितक्याच दाबाने टेकते. म्हणजे पाचशे किलो तोलण्यास अडीचशे चौरस सेंटिमीटर जागा लागते. पोस्टाची दोन कार्डे शेजारी ठेवली तर होईल एवढी! हवा पंधरा पौंडांवर आणली की तीच जागा चार कार्डांएवढी होते. टायर मुख्यतः लांबीत पसरते आणि रणगाड्याच्या पट्ट्यासारखे वाळूवर लोळत जाते. इंजिनात एका घोड्याचीही भर न घालता केवळ नळीतून हवा सोडून हे साधते. टायरच्या बाजू ताठ असतात, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत नव्हे. पण ड्रायव्हरला पुरेसा आहे.

हे ज्ञान नवे नाही. राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनियरने १९२० नंतरच्या दशकात साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाचे वाळवंट पालथे घातले. टायरची हवा कमी करणे, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळी घालणे, या युक्त्या त्याने व त्याच्या सोबत्यांनी तेथे घोटून पक्क्या केल्या. १९४१ मध्ये त्याने वाळूच्या वहनशास्त्रावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो आजही अभ्यासला जातो. महायुद्धात १९४० साली त्याने वाळवंटी तुकडी उभारली, तिच्या शेव्हरोलेट लॉऱ्यांना गती होती ती दोनच चाकांना. पुढे चारही चाकांच्या फोर्ड लॉऱ्या मिळाल्या, पण त्या जड आणि पेट्रोल फार पिणाऱ्या निघाल्या. १९४२ मध्ये तुकडीने पुन्हा दोन चाकांच्या शेव्हरोलेटच घेतल्या. शोरूममध्ये पैसे मोजण्यापूर्वी एवढी हकीकत ऐकून ठेवावी.

मग चारही चाकांच्या गतीचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. वाळू प्रत्येक चाकाला थोडीच पकड देते. चारही चाके ढकलू लागली तर ती थोडीथोडी पकड एकत्र कामास येते. परंतु यात एक मेख आहे. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा अधिक फिरावे म्हणून प्रत्येक आसात डिफरन्शियल बसवलेले असते. त्याचा स्वभाव असा, की ज्या चाकाला पकड नाही ते गरगर फिरते आणि पकड असलेले जोडीदार चाक स्वस्थ उभे राहते. त्यामुळे पुढचे एक आणि मागचे एक चाक फिरत आहे आणि चार चाकांची गाडी जागीच आहे, असे दृश्य दिसते. काही गाड्यांत हे डिफरन्शियल बांधून टाकण्याची सोय असते, काहींत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारी विजेची यंत्रणा असते. आणखी एक यंत्रणा चाक घसरताच इंजिनाचा जोर तोडते. ती डांबरावर उपकारक, पण वाळूत नेमका जोर हवा तेव्हाच घात करते. तिचे बटण कोठे आहे हे वाळूत शिरण्यापूर्वी पाहून ठेवावे.

चालवण्याची रीत आता सांगतो. गाडी घट्ट जमिनीवर असतानाच हवा कमी करावी आणि चारही चाकांचा दांडा टाकावा. रुतल्यावर करू म्हणू नये. आधी खाली उतरून वाट चालून पाहावी. मग दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या बेताच्या वेगाने जावे. मऊ वाळूत चाकापुढे सतत एक लहानसा बांध तयार होतो आणि गाडी जन्मभर तोच चढ चढत असते. म्हणून वेग मोडू देऊ नये. वळण मोठे घ्यावे. हवा कमी असताना झटक्याने स्टिअरिंग फिरवले तर टायर रिमवरून निखळते. थांबायचे तर ब्रेक दाबू नये, पाय काढून गाडी आपोआप थांबू द्यावी. ब्रेकने चाकापुढे ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. उतारावर तोंड करून थांबणे सर्वांत चांगले.

आणि रुतलीच तर? येथेच माणसाची परीक्षा होते. पहिली इच्छा होते ती ॲक्सिलरेटर दाबण्याची. चाक फिरते, खाली खणते, आणि दोन मिनिटांत गाडीचे पोट वाळूवर टेकते. मग चाके अधांतरी! त्याऐवजी पाय काढावा, खाली उतरावे, चाकांपुढची व पोटाखालची वाळू फावड्याने ओढावी, हवा आणखी दोन-तीन पौंड उतरवावी आणि आलो त्याच चाकोरीने हळूच मागे यावे. चाकाखाली फळ्या, नाही तर जाड गोणपाट घालावे. अर्ध्या तासाच्या फावड्याच्या कामात मालकाने हात घातला तर ते पंधरा मिनिटांत होते, हा माझा पक्का अनुभव आहे!

मी या विषयात पडलो तो एका चौकशीमुळे. एका कंपनीच्या ड्रायव्हरला साहेबाने नदीतून गाडी घाल म्हणून सांगितले. त्याने दोनदा नको म्हटले. गाडी रुतली, साहेबाने मागून ‘दाब, दाब’ म्हणून ओरडा केला, क्लच जळाला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या हाती निष्काळजीपणाचे आरोपपत्र, आणि खर्च पगारातून. मी त्याच्या वतीने चौकशीत बसलो. गाडीत हवा मोजण्याचे मीटर होते काय? नव्हते. फावडे? नव्हते. वाळूत गाडी कशी चालवावी हे त्याला कोणी, कधी शिकवले होते काय? नाही. गाडीला वीस लाख मोजणाऱ्यांनी पाचशे रुपयांचे मीटर घेतले नव्हते. आरोप मागे घेतला गेला. कापलेले पैसे परत मिळण्यास मात्र आठ महिने लागले. तेव्हापासून आमच्या ड्रायव्हरांना मी एकच मागणी शिकवतो: वाळूपुढे गाडी थांबवण्याचा शेवटचा शब्द स्टिअरिंगवरच्या माणसाचा असावा, आणि तो कामाच्या अटींत लिहून घ्यावा.

कारण येथे प्रश्न पैशाचाच नसतो. रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढताना दोर किंवा साखळी जेथे सापडेल तेथे अडकवतात. मागे ट्रेलर जोडण्याचा जो लोखंडी गोळा असतो त्याला तर मुळीच अडकवू नये. तो तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि अशाने माणसे दगावली आहेत. ओढण्यासाठी चासीला पक्का जोडलेला हूक असतो, तोच वापरावा. दोरावर मध्यभागी ओले पोते टाकावे, म्हणजे तुटल्यास तो खाली पडतो. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दुपटीने तरी दूर ठेवावे. आपल्याकडे असल्या वेळी सारे गाव दोराभोवती जमते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

उन्हाळ्याच्या सुटीत आपली पुष्कळ मंडळी कोकणात जातात, आणि तेथील वाळू बोरीसारखी दिवसभर जागची राहत नाही. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी पाणी दूर गेलेले, किनारा सपाट नि घट्ट दिसतो, मोह होतो. आणि मध्यरात्रीच्या आत तीच जागा पाण्याखाली जाते. अनेक किनाऱ्यांवर वाहन नेण्यास बंदीच आहे, आणि माझ्या मते ती योग्य आहे. वेळाससारख्या गावी समुद्री कासवे त्या वाळूत अंडी घालतात, इतरत्र मुले खेळत असतात. ज्याला वाळूत गाडी चालवण्याची विद्या शिकायचीच आहे त्याने ती परवानगीच्या जागी, दुसरी गाडी सोबत घेऊन शिकावी.

एक गोष्ट राहिली. वाळूतून बाहेर आल्यावर हवा पुन्हा भरल्याशिवाय डांबरी रस्त्याला लागू नये. कमी हवेचे टायर वेगात सारखे दुमडते, तापते आणि फुटते. आपल्याकडच्या वैशाखातल्या रस्त्यावर तर फार लवकर. चारही चाकांचा दांडाही डांबरावर काढून ठेवावा, नाही तर वळणावर पुढचे व मागचे आस एकमेकांना पीळ देऊन गिअर खातात. बॅटरीवर चालणारा लहान पंप मिळतो. चारही चाके भरण्यास त्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ झाडाखाली बसून चहा घ्यावा आणि फावड्याची वाळू झटकून ते पुन्हा गाडीत टाकावे.