फोनचा खालचा अर्धा भाग

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आयफोन दाखवण्याआधी स्टीव्ह जॉब्सने पडद्यावर चार फोन मांडले होते: मोटो क्यू, ब्लॅकबेरी, पाम ट्रिओ आणि नोकिया ई६२. चारही त्या काळातले नावाजलेले स्मार्टफोन. जॉब्सचा रोख त्यांच्या खालच्या भागावर होता. तिथे प्लास्टिकची बटणं होती, आणि तुम्ही लिहीत असा वा नसा, ती आपली जागा सोडत नव्हती. प्रत्येक कामाला वेगळी बटणं हवीत, पण फोन एकदा कारखान्यातून बाहेर पडला की बटणं बदलता येत नाहीत, हा त्याचा मुद्दा.

त्यावेळी हे अनेकांना विक्रेत्याचं बोलणं वाटलं. बटणांशिवाय लिहायचं कसं, हा प्रश्न तेव्हा गैर नव्हता. पण पुढच्या दहा-बारा वर्षांत बटणांचा स्मार्टफोन बाजारातून जवळजवळ संपला. तो लिहिण्यात कमी पडला म्हणून संपला, असं आजही म्हणता येत नाही. फोनचा खालचा अर्धा भाग कोणाचा, या भांडणात तो हरला.

सुरुवात आयफोनच्याही अकरा वर्षं आधीची. १९९६ मध्ये नोकियाने ९००० कम्युनिकेटर आणला. बाहेरून तो जाडजूड फोन. पुस्तकासारखा उघडला की आत आडवा पडदा आणि संपूर्ण कळफलक. वजन ३९७ ग्रॅम. खिशात ठेवण्यापेक्षा ब्रीफकेसमध्ये शोभणारी ही वस्तू. खिशातलं यंत्र वेगळ्या दिशेनं आलं. कॅनडातल्या वॉटरलू शहरात माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी १९८४ मध्ये रिसर्च इन मोशन ही कंपनी काढली होती. पुढे जिम बाल्सिली तिच्यात आला. संगणकाचा कळफलक नुसता लहान केला तर त्यावर दहा बोटं मावत नाहीत, हे या मंडळींनी ओळखलं आणि दहा बोटांचा नाद सोडून दिला. यंत्र दोन्ही तळव्यांत धरायचं आणि फक्त अंगठ्यांनी लिहायचं. १९९९ मध्ये आलेलं त्यांचं ब्लॅकबेरी ८५० हे यंत्र फोन नव्हतंच. एका पेन्सिल सेलवर चालणारा, ई-मेल देणारा-घेणारा तो पेजर होता. बोलण्याची सोय २००२ च्या ५८१० मध्ये आली, तीही वेगळा हेडसेट लावून.

या कळफलकावर खर्च झालेली बुद्धी आज सहज विसरली जाते. प्रत्येक बटणाखाली धातूची बारीक घुमटी असे. दाबली की ती खचते, सोडली की उसळते, आणि दाब नोंदला गेल्याचं अंगठ्याला कळतं. २००८ च्या बोल्ड ९००० मध्ये बटणांना तिरका उतार दिला होता. डावीकडची बटणं डाव्या अंगठ्याला, उजवीकडची उजव्याला कड देत. ओळींच्या मध्ये धातूच्या पट्ट्या होत्या, त्यामुळे आपण कोणत्या ओळीत आहोत हे न पाहता समजे. बटण दाबून धरलं की मोठं अक्षर, स्पेस दोनदा दाबली की पूर्णविराम. मेल वाचताना टी दाबलं की पत्राच्या वर, बी दाबलं की तळाशी. हे अंगवळणी पडलेला माणूस बैठकीत समोरच्याकडे बघत टेबलाखाली उत्तर लिहू शके. बराक ओबामा २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा सुरक्षा यंत्रणेच्या नाराजीला न जुमानता त्यांनी आपला ब्लॅकबेरी सोडला नाही.

भारतात ब्लॅकबेरी २००४ मध्ये एअरटेलमार्फत आला. पहिली काही वर्षं तो बहुतेकांच्या हातात ऑफिसकडूनच आलेला असे. मुंबईत नरिमन पॉइंटला नाहीतर वांद्रे-कुर्ला संकुलात कमरेच्या पाउचमधला ब्लॅकबेरी पद सांगायचा. त्याच्या मेलचं कूटलेखन इतकं पक्कं होतं की २०१० मध्ये केंद्र सरकारने कंपनीला ३१ ऑगस्टची मुदत घातली: संदेश तपासण्याची सोय द्या, नाहीतर सेवा बंद करू. वाद पुढे बराच काळ चालला. पण त्याच वर्षी व्होडाफोनच्या ‘ब्लॅकबेरी बॉइज’ या जाहिरातीत सुटाबुटातल्या साहेबांच्या रांगेत कॉलेजची पोरं घुसलेली दिसली, आणि ते बाजाराचं खरं चित्र होतं. कर्व्ह ८५२० सारखे त्यातल्या त्यात स्वस्त मॉडेल आणि ब्लॅकबेरीच्या बीबीएम या सेवेवरची चॅट यांमुळे साहेबाचा फोन कॅन्टीनमध्ये पोचला होता.

ज्यांना तोही परवडत नव्हता त्यांच्यासाठी नोकियाने ई६३ आणला, आणि २०१० मध्ये साधारण सहा हजारांच्या घरातला सी३. मायक्रोमॅक्सने क्यू मालिकेतले याहून स्वस्त फोन काढले. हे सगळेच काटेकोर अर्थाने स्मार्टफोन नव्हते, पण संपूर्ण कळफलक म्हणजे ‘भारी फोन’ ही समजूत पक्की झाली होती. २०१३ मधल्या नोकिया आशा २१० वर तर व्हॉट्सॲपचं स्वतंत्र बटण होतं. जॉब्सने सहा वर्षांपूर्वी ज्यावर टीका केली, तेच इथे टोकाला गेलं होतं: एका ॲपसाठी कायमचं एक बटण.

या सगळ्या बटणांवर अक्षरं मात्र रोमन होती. आज मराठी वाचकाने मागे बघताना इथे थांबायला हवं. काही साध्या फोनच्या आकड्यांच्या बटणांवर देवनागरी अक्षरं छापलेली असत. पण महागडा, ‘लिहिण्यासाठीचा’ फोन इंग्रजीतच लिहायचा, असं गृहीत होतं. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता, गणित होतं. सरकारने १९८० च्या दशकात प्रमाण ठरवलेली इनस्क्रिप्ट मांडणी पाहा. देवनागरीला जागा कमी पडते म्हणून तिने इंग्रजीच्या २६ अक्षरांपलीकडची, विरामचिन्हांची बटणंही वापरली आहेत. च अर्धविरामाच्या बटणावर, ट त्याच्या शेजारी, य तिरप्या रेघेच्या बटणावर, ड चौकटी कंसाच्या. अंगठ्यांच्या फोनवर ही बटणंच नव्हती. म्हणजे इनस्क्रिप्ट जशीच्या तशी आणायची तर च, ट, ड, य यांना घर नाही. नवी मांडणी करायची तर छपाई वेगळी, साचा वेगळा, साठा वेगळा. फ्रेंच आणि जर्मन ग्राहकांसाठी कंपन्या वेगळे कळफलक बनवत. मराठीसाठी कोण बनवणार?

त्यात एसएमएसचं बंधन होतं. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं मावत. युनिकोड देवनागरीत ७०. शिवाय समोरच्याच्या फोनवर चौकोन उमटतील ही धास्ती. म्हणून एक अख्खी पिढी रोमनमध्ये मराठी लिहायला शिकली. ल आणि ळ, न आणि ण एकाच अक्षरात कोंबले गेले, ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच मिटला. त्या पिढीची बोटं वेगवान झाली, पण ती लिपी मराठीची नव्हती.

काचेच्या, म्हणजे स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याच्या, बाजूलाही सुरुवातीचा काळ सोपा नव्हता. ॲपलमध्येही बोटाच्या जाडीपुढे एवढीशी अक्षरं कशी टिकणार याची चिंता होती. २००५ मध्ये सॉफ्टवेअरच्या चमूला बाकीचं काम थांबवून फक्त कळफलकावर बसवलं गेलं. त्यातून केन कोसिएंडा या अभियंत्याचा उपाय पुढे आला: बोट चुकलं तरी आजूबाजूची अक्षरं विचारात घेऊन शब्दकोशातला जवळचा शब्द उचलायचा. अचूकपणाची जबाबदारी अंगठ्याकडून शब्दकोशाकडे गेली. हा बदल पुढच्या सगळ्या गोष्टींपेक्षा मोठा होता.

बाकीच्यांचा तरीही काचेवर विश्वास नव्हता. ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला, म्हणजे एचटीसीच्या जी१ ला, बाजूला सरकणाऱ्या पडद्याखाली बटणं होती. ती लागतच, कारण त्या अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचा कळफलकच नव्हता. तो एप्रिल २००९ मध्ये आला. मोटोरोलाच्या ड्रॉइडनेही सरकता कळफलक ठेवला. ब्लॅकबेरीने नोव्हेंबर २००८ मध्ये ‘स्टॉर्म’ आणला तेव्हा मधला मार्ग काढला: अख्खा पडदाच एका मोठ्या बटणासारखा दाबायचा. बटणाचं समाधान नाही आणि काचेची चपळाईही नाही, असा हा फोन अनेकांनी परत केला.

मग पडदे वाढत गेले. आयफोनचा साडेतीन इंच, कर्व्हचा जेमतेम अडीच. फोनवर नकाशे, छायाचित्रं, व्हिडिओ आले तशी प्रत्येक जादा इंचाला किंमत आली. सरकणारे फोन हा एक तोडगा होता, पण ते जाड होत, सांध्यात धूळ जाई आणि आतली वायर सैल पडली की दुरुस्तीचं दुकान गाठावं लागे. काचेचा कळफलक मात्र काम झालं की नाहीसा होतो, आणि जगातल्या सगळ्या बाजारांसाठी एकच यंत्र बनवता येतं. २०१० च्या सुमारास स्वाइपसारख्या सोयीमुळे बोट न उचलता शब्द ओढताही येऊ लागला.

ब्लॅकबेरीची स्वतःची द्विधा २०१३ मध्ये उघडी पडली. नव्या प्रणालीचा पहिला फोन झेड१० पूर्ण काचेचा. बटणांच्या क्यू१० साठी निष्ठावंतांना काही महिने थांबावं लागलं. काचवाल्यांना आयफोन आणि गॅलेक्सी सोडायचं कारण नव्हतं. न विकलेल्या झेड१० च्या साठ्यासकट त्या वर्षीच्या एका तिमाहीत कंपनीला सुमारे ९६ कोटी डॉलरचा तोटा झाला. जिथे ती अजून बलवान होती ते मैदान सोडून ती परक्या मैदानात उतरली होती. तरी बटणांचा अभिमान शिल्लक होता. आयफोनला जोडायचा ‘टायपो’ कळफलक आल्यावर ब्लॅकबेरीने २०१४ मध्ये नकलेचा दावा लावून त्याची विक्री थांबवली. त्याच वर्षी चौकोनी पडद्याचा पासपोर्ट आला. त्याची बटणं दाबता येत आणि त्यांवरून बोट फिरवून मजकूर सरकवताही येई. ही कल्पना चांगली होती, पण ती यायला फार उशीर झाला.

२०१६ मध्ये कंपनीने स्वतः फोन बनवणं थांबवलं आणि नाव भाड्याने दिलं. चीनच्या टीसीएलने कीवन आणि कीटू काढले. भारतात ऑप्टिमस या कंपनीने परवाना घेतला. जुलै २०१८ मध्ये कीटू इथे ४२,९९० रुपयांना आला. तोवर जिओ येऊन दोन वर्षं होत आली होती आणि लोकलमध्ये जो तो आडवा फोन धरून व्हिडिओ बघत होता. टीसीएलचा करार ऑगस्ट २०२० मध्ये संपला. ४ जानेवारी २०२२ ला जुन्या ब्लॅकबेरी फोनच्या सेवा बंद झाल्या.

काचेवर लिहिणं खरंच मंद आहे का? फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील संशोधकांनी इतरांसोबत ३७,००० जणांचं फोनवरचं लेखन मोजलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. सरासरी वेग मिनिटाला ३६ शब्दांच्या आसपास, दोन अंगठ्यांनी ३८. संगणकावरच्या सरासरीपासून हे फार दूर नाही. वेगाची तक्रार काचेने बऱ्याच अंशी मिटवली आहे. मिटली नाही ती नजरेची तक्रार. बटणांवर लिहिताना डोळे मोकळे असत. काचेवर ते अडकतात, आणि शब्दकोशाने परस्पर बदललेला शब्द तपासण्यात पुन्हा अडकतात. अंध वापरकर्त्यांचं तर बोटाला लागणारं बटणच गेलं. २००९ मध्ये आयफोनमध्ये आलेल्या व्हॉइसओव्हरसारख्या सोयींनी पडदा बोलका केला. पण बोटाने लगेच जे कळायचं ते आता कानाने ऐकून कळतं. आणखी एक फरक उरतो. ज्या फोनचा अर्धा चेहरा कळफलकाचा होता, तो मालक लिहिणारा आहे असं धरून चालत असे. आजचा फोन तो बघणारा आहे असं धरतो.

मराठीचा हिशेब मात्र वेगळा आहे. काचेला कोणतीच लिपी कायमची छापलेली नसते. २०१२ मध्ये अँड्रॉइडमध्ये हिंदीची सोय आली, पाठोपाठ मराठीसाठीचे कळफलक आले. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या आयएस १६३३३ या मानकाने फोनला सर्व अनुसूचित भाषांतला मजकूर दाखवणं आणि इंग्रजी, हिंदीबरोबर आणखी एका भारतीय भाषेत लिहिता येणं आवश्यक केलं. आज गुगलच्या मराठी कळफलकावर क दाबला की वरच्या ओळीत का, कि, की, कु उमटतात. छापील बटणाला हे कधीच जमलं नसतं. बाराखडीला हवं होतं ते बदलणारं बटण, आणि ते काचेवरच शक्य होतं. २०१७ मध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय आली, तेव्हा ज्यांनी आयुष्यात टायपिंग शिकलं नाही ते गावातले आजोबाही नातवंडांना देवनागरीत निरोप पाठवू लागले.

बटणं पूर्ण संपलेली नाहीत. युनिहर्ट्झ नावाची कंपनी २०१९ पासून टायटन मालिकेतले छोट्या गटासाठीचे फोन काढते आहे. २०२४ मध्ये आयफोनला चढवायचा ‘क्लिक्स’ कळफलक आला. पडद्याला वैतागलेल्या लोकांना त्याचं आकर्षण आहे आणि ते समजण्यासारखं आहे. पण इंग्रजी बटणांच्या या पुनरागमनाकडे मराठी माणसाने भाबडेपणाने बघू नये. हात मोकळे, नजर मोकळी ठेवणारं चांगलं हत्यार हरवलं, हे दुःख खरं आहे. ते हत्यार आपल्या लिपीसाठी कधी घडवलंच गेलं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. कोणी देवनागरीसाठी अंगठ्यांचा कळफलक नव्याने आखला, बदलत्या अक्षरांची छोटी पडदा-बटणं वापरून का होईना, तर त्या दिवशी या विषयाचा निकाल पुन्हा तपासायला हरकत नाही. तोवर फोनचा खालचा अर्धा भाग काचेकडे असण्यात मराठीचा फायदा आहे.