आजव्याचे पाणी आणि विश्वामित्रीच्या मगरी

सयाजीराव महाराजांनी बडोद्याच्या पूर्वेस आजव्याचा तलाव बांधवून घेतला, त्या सुमारास शहराची वस्ती लाखाच्या थोडी वर होती. १८९१ च्या शिरगणतीत ती १,१६,४२० भरली. तलावाची योजना मात्र तीन लाख माणसांची तहान भागेल अशा हिशेबाने झाली, असे सांगतात. राजाची दृष्टी दूरवरची खरी. परंतु प्रारंभी वस्ती वाढण्याऐवजी घटलीच. १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ पडला, पटकी आणि प्लेग आले. १८९१ ते १९०१ या काळात संस्थानाची लोकसंख्या चोवीस लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर उतरली. १९११ साली बडोदे शहरात एक लाखही माणसे नव्हती.

अन्न, पाणी आणि जागा मुबलक आहे तोवर कोणतीही जीवसंख्या चक्रवाढीने वाढते. पुढे उपासमार, रोग आणि झुंजी वाढीला लगाम घालतात व संख्या एका पातळीशी येऊन थबकते. १८३८ साली व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने या वाढीचे सूत्र मांडले. त्या पातळीस परिसराची धारणक्षमता म्हणतात. ती कायमची ठरलेली नसते. पाऊस चुकला की ती एकाएकी खाली येते, हे छप्पनियाने दाखविलेच. शिवाय ती सर्व गरजांच्या बेरजेवर ठरत नाही. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पिकांच्या बाबतीत जे प्रतिपादिले, ते येथेही लागू पडते : जी वस्तू सर्वांत तुटपुंजी, तीच मर्यादा घालते.

याचे जिवंत उदाहरण शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत आहे. २०२५ च्या गणनेत तेथे चारशेंहून अधिक मगरी आढळल्या. शहराच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या नदीत एवढे मोठे प्राणी जगतात कसे? मासे, मेलेली जनावरे, काठावरची डुकरे व कुत्री यांवर त्यांचे पोट भरते. अन्नाची मर्यादा शहरानेच सैल केली आहे. पण मगरीला अंडी घालण्यासाठी मातीचा मोकळा काठ लागतो, आणि उन्हाळ्यात दडण्यासाठी त्याच काठात बीळ. मादी एका वेळी पंचवीस-तीस अंडी घालते. त्यांतली पिले मोठी होतात ती फारच थोडी. काठ भराव व बांधकामांनी आवळत गेले, तर अन्न कितीही असो, मर्यादा काठच घालणार.

माणसाची गोष्ट थोडी निराळी आहे. १९६१ च्या सुमारास बडोद्याने तीन लाखांचा आकडा जवळपास गाठला; २०११ साली महापालिका हद्दीतील वस्ती १६.७ लाख झाली. आजवा तेवढाच राहिला. वाढत्या वस्तीसाठी महीच्या पात्रातल्या विहिरींचे, पुढे नर्मदेचे पाणी आणावे लागले. शहराने आपली धारणक्षमता वाढविली ती शेजारच्या नद्यांकडून उसनी घेऊन. मगरीला अशी उसनवारी करता येत नाही. ऑगस्ट २०२४ च्या महापुरात विश्वामित्री काठ सोडून वाहू लागली, तेव्हा तिच्याबरोबर मगरीही वस्त्यांत शिरल्या. वनखाते व स्वयंसेवक त्यांना दोरांनी बांधून हलवीत होते.