होडीच्या ट्रेलरसाठी जॅकची निवड

बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसले आहे. तेथील हलसूर तलावावरील होडी सागरकिनारी न्यावयाची, तर ती दोन चाकांच्या ट्रेलरवर चढवून मोटारीमागे ओढीत न्यावी लागते. वाटेत टायरमधील हवा गेली, की ट्रेलरचा आस त्या बाजूस खाली येतो. बाटलीच्या आकाराचा जॅक पास्कलच्या नियमानुसार, द्रवाच्या दाबाच्या बळावर, मोठा भार उचलतो. परंतु तो आसाखाली शिरतच नसेल, तर ती शक्ती व्यर्थ होय. म्हणून प्रवासापूर्वीच टायरमधील हवा काढून आसाची उंची मोजावी. जॅकची किमान उंची त्याहून कमी असावी. कमाल उंची हवा भरलेले चाक बसविण्यास पुरेशी असावी. चाकाचे नट आधी सैल करून, दुसऱ्या चाकास दोन्ही बाजूंनी दगड लावूनच भार उचलावा. केवळ जॅकच्या भरवशावर ट्रेलरखाली कोणीही शिरू नये.