दिवा पेटलाय, म्हणजे शाई पक्की झालीच?

"शाईच खराब आलीय, वाळतच नाही." यूव्ही प्रिंटरवर सनबोर्ड, ॲक्रिलिक छापणाऱ्या दुकानांतून ही तक्रार नेहमीची. मुळात 'वाळणे' हा शब्दच फसवा. सॉल्व्हंट शाईतला द्रव उडून जातो, म्हणून ती वाळते. यूव्ही शाईत उडून जाण्यासारखं फारसं काही नसतंच. अतिनील प्रकाश पडला की तिच्यातले रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट थर होतो. त्यामुळे चिकट राहिलेल्या प्रिंटसमोर पंखा लावून उपयोग नाही.

सगळ्यात महागात पडतो तो दुसरा समज: दिवा लख्ख दिसतोय, म्हणजे ठीक आहे. आपल्याला दिसतो तो निळसर-जांभळा उजेड; शाई पक्की करतो तो बहुतांशी न दिसणारा. मर्क्युरी दिवा जुना होतो तसा त्याचा अतिनील मारा उतरत जातो, आणि डोळ्यांना पत्ताही लागत नाही. त्यात बल्बला बोटाचा तेलकट ठसा लागला असेल, तर तापल्यावर तो काचेत भाजून बसतो. शाईचे बारीक तुषार रिफ्लेक्टरवर साचतात ते वेगळेच. म्हणून शाईवाल्याला फोन लावण्याआधी मशीन बंद करा, दिवा पूर्ण गार होऊ द्या, हातमोजे घाला आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून काच पुसा. मग रेडिओमीटरने अतिनील मारा मोजा. नवा दिवा बसवला त्या दिवसाचा आकडा वहीत असेल, तरच आजच्या आकड्याला अर्थ. ती वही बहुतेक दुकानांत नसते!

एलईडीला देखभाल लागत नाही, हेही अर्धसत्य. ते हजारो तास चालतात, पण तापले की मारा घटतो; पंख्याची जाळी धुळीने भरली की झालंच. शिवाय त्यांचा प्रकाश एका अरुंद पट्ट्यात, बऱ्याच मशीनमध्ये 395 नॅनोमीटरच्या आसपास असतो. मर्क्युरीसाठी बनवलेली शाई एलईडी मशीनमध्ये ओतली तर ती नीट पक्की होईलच असं नाही.

शाई निघतेय म्हणून दिव्याची पॉवर वाढवणं हा सर्रास चालणारा उपाय. आधी बोट लावून पाहा. चिकट लागलं, तर शाई पुरती पक्की झालेली नाही. थर कडक आहे, पण नखाने पापुद्र्यासारखा सुटतो, तर बहुधा दोष पृष्ठभागाचा. पॉलिप्रॉपिलीनवर सहसा प्रायमर लागतो. मारा वाढवाल तर थर ठिसूळ होईल आणि विनाइल वळवताना तडकेल. आरशासारख्या पत्र्यावर तर प्रकाश उलटून प्रिंटहेडवर जातो, नोझलमध्येच शाई घट्ट होते. हेडची किंमत आठवून मगच पॉवरला हात लावा.

आणि बोट लावताना नायट्राइलचा हातमोजा हवा. कच्च्या यूव्ही शाईची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.