वायरमनने काम कुठे धरावं?

आयटीआयचा 2 वर्षांचा वायरमनचा कोर्स केलेल्या मुलापुढे मुंबईच्या उपनगरात वाटा बऱ्याच.

घरगुती दुरुस्तीत पैसे हातोहात, पण घासाघीस ठरलेली. पावसाळ्यात तर शॉर्टसर्किटचे फोन रात्रीही येणार. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे. टॉवरमधलं कन्सील्ड वायरिंग महिनोन्‌महिने पुरतं. मात्र कंत्राटदाराकडे शेवटचं बिल हमखास रखडतं, तेव्हा उचल घेऊनच पाइप टाकायला घेतलेलं बरं!

अंधेरीत 1973 पासूनचं सीप्झ हे निर्यात क्षेत्र, शेजारी एमआयडीसी. तिथे पॅनल, मोटारींची देखभाल, पगार बांधलेला.

मीटरसाठी अंधेरी-बोरिवलीत बहुतेक ठिकाणी अदानी, मुलुंड-भांडुपला महावितरण. दोन्हीकडे कामं घेणाऱ्याला दोन्हीकडची अर्जाची पद्धत पाठ हवी.