कॅमेरा आणि दुकानातला रॅक

सुपरमार्केटमधल्या रॅकचा फोटो काढला की संगणक त्यातली वस्तू न् वस्तू नावानिशी सांगतो, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात ही दोन वेगळी कामे आहेत: वस्तू कुठे आहे ते हेरून तिच्याभोवती चौकट आखणे आणि ती वस्तू कोणती ते ठरवणे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एसकेयू-११०के’ या संग्रहात दुकानांतील ११,७६२ छायाचित्रे आणि १७ लाखांहून अधिक चौकटी आहेत, म्हणजे एका छायाचित्रात सरासरी १४७ वस्तू. पण कोणत्याही चौकटीवर साबण, बिस्किटे असे नाव नाही. सगळ्यांची नोंद नुसती ‘वस्तू’ अशी. निव्वळ शोधणेही किती जिकिरीचे, हे त्यावरून कळावे. एकाच वस्तूभोवती प्रोग्राम अनेक चौकटी आखतो, म्हणून एकमेकींवर चढलेल्या चौकटींतली सर्वांत खात्रीची ठेवून बाकीच्या खोडायची रीत आहे. रॅकवर पुड्याला पुडा खेटलेला असतो, आणि या खोडाखोडीत शेजारचा खराखुरा पुडाही जाऊ शकतो.

ओळख बारकोडवरून पटते, हाही गैरसमजच. बारकोड बिलिंग काउंटरच्या सोयीचा. तो बहुधा पाकिटाच्या पाठीवर किंवा बुडाशी असतो, आणि माल तर दर्शनी बाजू पुढे करून लावतात. तेव्हा रंग, आकृती आणि वेष्टनावरची छापील अक्षरे यांवरच भिस्त. १०० आणि १५० ग्रॅम साबणाची खोकी एकसारखी दिसत असली, तर फरक उरतो तो आकाराचा, आणि फोटोतला आकार कॅमेरा किती दूर होता यावर ठरतो. चकचकीत पाऊचवर दिव्याची तिरीप पडली की अक्षरेही हातची जातात. रॅकच्या कडेची किंमतपट्टी मदतीला येते खरी, पण तिथे कोणता माल असायला हवा एवढेच ती सांगते.

भरपूर फोटो दाखवून मॉडेल एकदा शिकवले की काम संपले, असेही नाही. दृष्टिहीनांना खरेदीत मदत व्हावी म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत चाललेल्या प्रकल्पातून २००७ साली ‘ग्रोझी-१२०’ हा संग्रह आला. त्यात १२० वस्तूंचे वेबवरचे स्वच्छ फोटो आणि दुकानातल्या व्हिडिओतली तिरकी, अंधूक चित्रे अशा दोन्ही बाजू आहेत. हे अंतर आजही छळते. त्यात सणासुदीला वेष्टन बदलते, ‘२० टक्के जादा’चा पट्टा येतो. म्हणून प्रत्येक वस्तूचे मोजके नमुने आकड्यांच्या रूपात साठवून रॅकवरची वस्तू सर्वांत जवळच्या नमुन्याशी जुळवण्याची पद्धत वापरतात. नवा माल आला की नमुना वाढवायचा. दर वेळी मॉडेल नव्याने शिकवावे लागत नाही.

कॅमेरा शिल्लक माल मोजतो, ही अपेक्षा तर अवाजवीच आहे. त्याला दिसते ती पुढची रांग. मागे सहा बाटल्या आहेत की भिंत, हे फोटोत नसते. २०१८ साली सिॲटलमध्ये सर्वांसाठी उघडलेल्या ‘ॲमेझॉन गो’ दुकानातही छतावरच्या कॅमेऱ्यांच्या जोडीला फळ्यांत वजन टिपणारे सेन्सर होते.

दुकानाचे ॲप ‘अमुक वस्तू सातव्या रांगेत’ असे सांगते, तेही सहसा कॅमेऱ्याने पाहून नव्हे. मांडणीचा आधीच ठरलेला आराखडा, म्हणजे प्लॅनोग्राम, हा त्याचा आधार. एखाद्या गिऱ्हाईकाने शाम्पूची बाटली तेलांच्या फळीवर ठेवून दिली, तर ॲपला त्याचा पत्ता नसतो. ती चूक फोटोतूनच, आराखड्याशी ताडून, पकडता येते.