नॅनोमीटरच्या बोळात डीएनए

डीएनएच्या रेणूची रुंदी जेमतेम २ नॅनोमीटर. लांबीचं मात्र विचारू नका. जिवाणूंवर जगणाऱ्या लॅम्डा विषाणूचा डीएनए ४८,५०२ अक्षरजोड्यांचा. ताणून धरला तर साडेसोळा मायक्रोमीटर भरतो. पण पाण्यात मोकळा सोडला, की दीड-दोन मायक्रोमीटरचा गुंता करून बसतो. सरळ राहायची रीत एकच, वाकडं राहायच्या अगणित. रेणू दुसरं काय करणार?

२००४ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट ऑस्टिन यांच्या गटाने असे रेणू सुमारे १०० नॅनोमीटर रुंदीच्या नळ्यांत घातले. चमकता रंग लावलेला रेणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तो आपणहून उलगडून पडलेला! कुणी टोक धरून ओढत नव्हतं. डीएनए तसा ताठ असतो, साधारण ५० नॅनोमीटरच्या आत त्याला सहज वळता येत नाही. शिवाय त्याचे दोन भाग एकाच जागी मावत नाहीत. बाजूंना भिंती, मग पसरायचं ते नळीच्या लांबीनेच. नळी ५० नॅनोमीटरहूनही अरुंद केली, तर गुंडाळी पडायलाच वाव उरत नाही. रेणू या भिंतीवरून त्या भिंतीवर हलके आपटत जवळजवळ सरळ राहतो. हे गणित थिओ ओडाइक यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं.

मोलाची गोष्ट पुढे आहे. रेणू दुप्पट लांब असेल, तर नळीतही तो दुप्पट जागा घेतो. म्हणजे नळीचीच मोजपट्टी झाली.

खरी कारागिरी मला दारापाशी दिसते. गुंता थेट बोळात शिरत नाही. अर्धवट शिरलेला रेणू, त्याला आत नेणारी ओढ थांबताच, मोकळ्या बाजूला परत सरकतो. म्हणून तोंडाशी बारीक खांबांचं रान उभारतात. खांबांना अडखळत, वळसे घेत गुंता सैल होतो आणि मग टोक आत जातं.

याच तंत्रावर आज जनुकसंचाचे नकाशे काढणारी यंत्रं चालतात. डीएनएवर ठरावीक सहा अक्षरं येतील तिथे चमकती खूण लावायची, दीड लाखाहून अधिक अक्षरजोड्यांचे तुकडे नळीत सोडायचे आणि खुणांमधली अंतरं मोजायची. एखादा मोठा भाग गळालेला किंवा उलटा बसलेला असेल, तर तो इथे सापडतो. दीडशे अक्षरांचे तुकडे वाचणाऱ्या यंत्रांच्या हातून तो सहज निसटतो. मात्र काही रेणू दुमडूनच आत शिरतात. दुमडलेला भाग दुप्पट उजळ दिसतो, त्यावरून असे रेणू ओळखून वगळावे लागतात.